सीमा उघडी ठेवायची की मजूरबाजारावर देशाचा ताबा? युरोपातल्या कामगारांचा प्रश्न

उंबरठा (धागाकर्ता)

८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जियममधल्या मार्सिनेलच्या बोआ दु काझिए या कोळसाखाणीत आग लागली. २६२ माणसं गेली. त्यातली १३६ इटालियन होती. इतके इटालियन तिथे आले कसे? दोन सरकारांनी १९४६मध्ये करार केला होता: इटलीने माणसं पाठवायची आणि बेल्जियमने इटलीला कोळसा द्यायचा. आलेल्या माणसाला सुरुवातीची काही वर्षं खाण सोडून दुसरं काम धरायची मुभा नव्हती. करार मोडला की परत पाठवणी.

या आगीला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मार्च १९५७मध्ये सहा देशांनी रोमच्या करारावर सह्या केल्या. आजच्या युरोपीय संघाचा पाया तोच. त्यातलं ४८वं कलम कामगारांच्या मुक्त संचाराचं. ते करारात यावं म्हणून इटलीने सर्वांत जास्त जोर लावला होता. प्रत्यक्ष हक्क मिळाला तो १९६८च्या नियमावलीने. आज तेच कलम ४५वं आहे: नोकरी, पगार आणि कामाच्या अटी यांत राष्ट्रीयत्वावरून भेद करायचा नाही. अपवाद सार्वजनिक सुव्यवस्था, सुरक्षा, आरोग्य आणि सरकारी अधिकारपदांचा.

हे सगळं मांडायचं कारण असं की या विषयावर बोलताना 'सीमा उघडी' आणि 'सीमा बंद' असे दोनच पर्याय आहेत असं आपण धरून चालतो. मला तिसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. आलेला माणूस मालक सोडू शकतो का? तो सोडू शकत असेल तर मालकाला त्याला बरं वागवावं लागतं, आणि शेजारी काम करणाऱ्या स्थानिक माणसाचीही मजुरी टिकते. सोडू शकत नसेल तर दोघांचंही नुकसान होतं. मजूरबाजारावर देशाचा ताबा असावा हे मला मान्य आहे, पण तो कामाच्या जागी असावा. व्हिसाच्या खिडकीवर उभं राहून तो मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

---

कातळ

मार्सिनेलची माहिती नवीन होती, धन्यवाद. पण मांडणी एकतर्फी वाटली.

१ मे २००४ला दहा देश युरोपीय संघात आले. त्यातल्या पूर्वेकडच्या आठ देशांच्या कामगारांना जुन्या सदस्यांनी सात वर्षांपर्यंत थोपवून धरायची सोय करारातच होती, दोन अधिक तीन अधिक दोन अशी. जर्मनी आणि ऑस्ट्रियाने ती पुरेपूर वापरली, २०११पर्यंत. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडनने पहिल्याच दिवशी दार उघडलं. ब्रिटिश सरकारसाठी केलेल्या अभ्यासात अंदाज होता वर्षाला निव्वळ ५ ते १३ हजार माणसांचा. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट आले.

शाळेत वर्ग किती, दवाखान्यात डॉक्टर किती, घरं किती बांधायची, हे सरकार आकड्यांवर ठरवतं. आकडाच हातात नसेल तर नियोजन कशाचं करायचं? २३ जून २०१६ला ब्रिटनमध्ये ५१.९ टक्के मतं युरोपीय संघातून बाहेर पडायच्या बाजूने पडली. ती देणाऱ्या सगळ्यांना परकीयद्वेष्टे म्हणून निकालात काढणं मला पटत नाही. आपल्या गावात काय चाललंय यावर आपला काही शब्द चालावा, एवढंच बहुतेकांचं म्हणणं होतं. लोकशाहीत ती मागणी रास्तच आहे.

---

उंबरठा

कातळ, वेगाचा मुद्दा मान्य. मतदारांबद्दलचाही मान्य.

फक्त दोन गोष्टी. तो १३ हजारांचा अंदाज बाकीचे मोठे देशही दार उघडतील असं धरून केलेला होता. जर्मनी बंद राहिली आणि सगळा लोंढा इंग्लंडकडे वळला. दुसरं म्हणजे, ब्रिटनच्या स्थलांतर सल्लागार समितीने २०१८मध्ये सविस्तर अहवाल दिला. युरोपातून आलेल्यांचा स्थानिकांच्या सरासरी मजुरीवर परिणाम थोडका, आणि ते सरकारकडून घेतात त्यापेक्षा कर जास्त भरतात, असा त्यातला निष्कर्ष. अर्थात सरासरीत पॅकिंगच्या शेडमध्ये रात्रपाळी करणारा माणूस दिसत नाही, हे मीही मानतो. तळच्या मजुरीवर थोडा ताण आल्याच्या खुणा अभ्यासांत आहेतच.

---

मधुमालती

ते लोक भत्ते खायला येतात, हा आरोप यात कुठे बसतो? त्यावर काही नियम आहे का?

---

उत्तरवारा

मधुमालती, आहे. २००४च्या निर्देशाप्रमाणे (निर्देश म्हणजे सदस्यदेशांनी आपल्या कायद्यात आणायचा संघाचा नियम) दुसऱ्या सदस्यदेशात तीन महिने कुणीही राहू शकतो. त्यानंतर काम हवं, किंवा स्वतःच्या पोटापुरते पैसे आणि आरोग्यविमा हवा. काम शोधणाऱ्याला थोडी जास्त सवलत आहे. २०१४च्या डानो खटल्यात युरोपीय न्यायालयाने स्पष्ट केलं की काम करत नाही, शोधतही नाही आणि उत्पन्नही नाही, अशा माणसाला भत्ता नाकारता येतो. बेल्जियमसारखे देश नोंदणी ठेवतात आणि अटी पाळल्या नाहीत तर निघून जायला सांगतात. ब्रिटनने ही नोंदणी कधी केलीच नाही. हातातला ताबा वापरला नाही आणि मग ताबा नाही म्हणून तक्रार केली, हे मला त्या काळातलं सगळ्यांत मोठं अपयश वाटतं.

पण मला मूळ धाग्याबद्दल बोलायचं आहे, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते आहे.

२००४मध्ये स्टॉकहोमजवळच्या वाक्सहोम गावात एका शाळेचं बांधकाम एका लाटव्हियन कंपनीने घेतलं. कामगार लाटव्हियाचे, पगार तिकडच्या कराराप्रमाणे. स्वीडनमध्ये कायद्याने ठरवलेलं किमान वेतन नाही. तिथे मजुरी ठरते ती संघटना आणि मालक यांच्या सामूहिक करारातून. बांधकाम कामगारांच्या संघटनेने कंपनीकडे सही मागितली, ती मिळाली नाही, म्हणून कामाची नाकेबंदी केली. वीजतंत्रींच्या संघटनेने साथ दिली. कंपनी कोर्टात गेली आणि डिसेंबर २००७मध्ये युरोपीय न्यायालयाने संघटनेच्या विरोधात निकाल दिला. हाच तो लावाल खटला.

आता नीट बघा. ते लाटव्हियन कामगार ४५व्या कलमाखाली आलेच नव्हते! त्या कलमाखाली आला असता तर माणूस थेट स्वीडिश मालकाकडे लागला असता आणि त्याला स्वीडिश मजुरी मिळाली असती. हे आले कंपनीच्या 'सेवा पुरवण्याच्या स्वातंत्र्या'खाली, कंपनीने धाडलेले. म्हणजे संचाराचा हक्क कंपनीचा आणि माणूस तिच्या सामानासोबत आलेला. १९९६च्या निर्देशात अशा धाडलेल्या कामगाराला यजमान देशातली किमान मजुरी तेवढी द्यायची होती. विमा मायदेशातला, करही बराच काळ मायदेशात. साहजिकच स्वस्तात पडायचा.

बांधकामाच्या जागी 'बाहेरच्यांनी मजुरी पाडली' म्हणून जो संताप दिसतो, त्यातला मोठा भाग या धाडलेल्या कामगारांवरून उठलेला आहे, आणि तो रास्त आहे. पण राग निघतो मुक्त संचारावर. २०१८मध्ये निर्देश सुधारला: एकाच जागी एकाच कामाला तोच मोबदला, आणि बारा महिन्यांनंतर (फार तर अठरा) यजमान देशाचे जवळजवळ सगळे कामगार नियम लागू. ३० जुलै २०२०पासून अंमल आहे. उशीर झाला, पण झालं.

---

कातळ

हा फरक मला इतका स्पष्ट माहीत नव्हता. प्रतिसाद जपून ठेवतोय.

---

शेवंती

मी सहसा फक्त वाचते. पण 'मालक सोडू शकतो का' हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

२०२३मध्ये केअर वर्करच्या व्हिसावर इंग्लंडला आले. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचं आंघोळपांघोळ, औषधं, जेवण बघायचं. हा व्हिसा २०२२च्या फेब्रुवारीत केअर वर्कर्सना खुला झाला, कारण युरोपातून येणारी माणसं थांबली होती आणि जागा भरत नव्हत्या. कंपनीने स्पॉन्सरशिप दिली, म्हणजे व्हिसा त्या कंपनीच्या नोकरीला बांधलेला. त्यासाठी मधल्या एजंटाने माझ्याकडून भरपूर पैसे घेतले. ते घेणं बेकायदा आहे हे मला इथे आल्यावर कळलं.

३९ तास काम देऊ असं लेखी होतं. रोटा (कामाच्या पाळ्यांचं वेळापत्रक) यायचा कधी २० तासांचा, कधी १६. एका घरून दुसऱ्या घरी जायला लागणारा वेळ पगारात धरत नव्हते. कायद्याने तो कामाचाच वेळ आहे.

माझ्याबरोबर एक रोमानियन बाई होती. ती २०१९मध्ये आलेली, म्हणजे जुन्या नियमाखाली, तिच्याकडे इथे राहायचा हक्क होता. तीच कंपनी, तीच घरं, तोच युनिफॉर्म. प्रवासाच्या वेळेचे पैसे मिळत नाहीत म्हणून तिने एका शुक्रवारी मॅनेजरला सांगितलं, "पुढच्या आठवड्यापासून मी येणार नाही." सोमवारी ती दुसरीकडे रुजू झाली. मी हेच केलं असतं तर कंपनीने होम ऑफिसला (व्हिसा बघणाऱ्या ब्रिटिश गृहखात्याला) कळवलं असतं आणि मला ६० दिवस मिळाले असते. तेवढ्यात नवा स्पॉन्सर शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. मॅनेजरला हे माहीत होतं. तो कधी ओरडला नाही. "तुझा व्हिसा आमच्यावर आहे, विसरू नकोस" एवढंच म्हणायचा, आणि अगदी शांतपणे.

ती गेल्यावर तिच्या वाट्याची लांबची घरं माझ्या रोट्यात आली.

---

उंबरठा

शेवंतीताई, लिहिलंत हे फार मोलाचं. आम्ही निर्देश आणि निकाल सांगतोय, तुम्ही एकाच कामात दोन्ही कायदे शेजारी शेजारी पाहिलेत.

कातळ, हेही लक्षात घ्या की ३१ डिसेंबर २०२०ला ब्रिटनमध्ये मुक्त संचार संपला आणि गुणांची बेरीज करून व्हिसा द्यायची पद्धत आली. 'ताबा परत घेतला.' पुढे जून २०२३ला संपलेल्या वर्षात निव्वळ स्थलांतर ९ लाखांच्या वर गेलं, संघात असतानाच्या कुठल्याही वर्षापेक्षा कितीतरी जास्त. युक्रेन आणि हाँगकाँगहून आलेले त्यात आहेत, विद्यार्थीही आहेत, मान्य. पण दार कुणासाठी आणि किती उघडायचं हे सर्वस्वी सरकारच्या हातात असताना हे झालं. फरक पडला तो आलेल्या माणसाच्या हातात काय उरलं यात.

---

कातळ

शेवंतीताई, वाचून वाईट वाटलं. कंपनीवर कारवाई व्हायला हवी.

पण उंबरठा, ब्रिटनचा व्हिसा वाईट आहे म्हणून मुक्त संचार चांगला ठरत नाही. जिथून माणसं जातात तिकडे बघा ना. लिथुएनिया १९९०मध्ये सुमारे ३७ लाखांचा देश होता, आज २८-२९ लाखांचा. लाटव्हिया २६ लाखांच्या वरून १९ लाखांच्या खाली आला. जन्मदर घटला हेही कारण आहे, पण गेलेले तरुण हे मोठं कारण. रोमानियाने आपल्या पैशाने डॉक्टर शिकवले आणि ते जर्मनी-फ्रान्सच्या रुग्णालयांत उभे आहेत. शिकवण्याचा खर्च गरिबाचा, सेवा श्रीमंताची. मुक्त संचारात या देशांना 'थांबा' म्हणायचा कुठलाही अधिकार नाही. यावर तुमच्याकडे काय उत्तर आहे?

---

उंबरठा

पुरेसं उत्तर नाही, खरंच.

एवढं सांगू शकतो की माणसाला अडवून ठेवणं हे उत्तर नव्हे. लाटव्हियाच्या लोकांनी ते सोव्हिएत राजवटीत १९९१पर्यंत भोगलं आहे. रोमानियाने २०१८मध्ये सरकारी डॉक्टरांचे पगार मोठ्या प्रमाणात वाढवले, जायचा ओघ रोखण्यासाठी. ते आधीच व्हायला हवं होतं, आणि ज्यांना फायदा झाला त्या देशांनी शिक्षणाच्या खर्चात वाटा उचलायला हवा होता. संघाच्या निधीतून रस्ते झाले. दाई, नर्स, डॉक्टर यांच्या प्रशिक्षणाची भरपाई म्हणून वेगळं काही दिलं गेलं नाही. इथे तुमचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही.

---

दूरचा डबा

मी झ्युरिकला असतो. स्वित्झर्लंड संघात नाही, पण २००२पासून मुक्त संचाराच्या करारात आहे, म्हणून इथला अनुभव सांगतो.

त्याआधी इथे हंगामी कामगाराचा परवाना होता. वर्षातले नऊ महिने काम, मग परत जा, पुढच्या हंगामात पुन्हा या. मालक बदलायचा नाही, कुटुंब आणायचं नाही. इटलीच्या, स्पेनच्या, पोर्तुगालच्या बांधकाम मजुरांनी तरीही मुलं आणली. ती मुलं दिवसभर खोलीत लपून राहायची. आवाज करायचा नाही, खिडकीशी यायचं नाही, शाळा नाही. इथे त्यांना 'कपाटातली मुलं' म्हणतात. आज ती पन्नाशी-साठीची आहेत आणि आता कुठे बोलू लागली आहेत. देशाचा मजूरबाजारावर पूर्ण ताबा असतो तेव्हा तो असाही दिसतो, हे इथल्या लोकांनी जवळून पाहिलंय.

२००२नंतर भीती होती की मजुरी पडेल. म्हणून २००४पासून 'सोबतच्या उपाययोजना' आल्या. बाहेरच्या कंपनीला माणसं धाडायची तर काम सुरू होण्याच्या आठ दिवस आधी कळवावं लागतं. सरकार, मालक आणि संघटना यांची त्रिपक्षीय मंडळं किंवा मालक आणि संघटना यांची संयुक्त मंडळं कामाच्या जागी जाऊन पगारपत्रकं तपासतात. दंड होतो, कंपनीवर बंदी येते. संघटनांनी याच अटीवर मुक्त संचाराला पाठिंबा दिला होता.

तरी सगळं सुरळीत नाही. ९ फेब्रुवारी २०१४च्या सार्वमतात ५०.३ टक्क्यांनी स्थलांतरावर मर्यादा घालायचा कौल दिला. इटलीला लागून असलेल्या टिचिनोत तर ६८ टक्के. तिथे रोज सकाळी हजारो माणसं इटलीतून कामाला येतात आणि संध्याकाळी परत जातात. त्यांचा खर्च तिकडचा, त्यामुळे ती कमी पगारात राबू शकतात. टिचिनोची मजुरी बाकी देशापेक्षा कमी आहे. तिथला माणूस चिडतो तेव्हा तो काही चुकीचं पाहत नसतो. सप्टेंबर २०२०मध्ये मात्र मुक्त संचार संपवायचा प्रस्ताव ६१.७ टक्क्यांनी फेटाळला गेला. त्या वेळी संघटनांनी जोरात प्रचार केला की करार गेला तर तपासणीची मंडळंही जातील.

---

उत्तरवारा

दूरचा डबा, फार छान लिहिलंत. यातूनच उंबरठा यांच्या मूळ मुद्द्याला एक जोड द्यावीशी वाटते: मालक सोडायचा हक्क नुसता कागदावर पुरत नाही.

जर्मनीतले कत्तलखाने बघा. तिथे मांस कापणारे बहुतेक रोमानिया, बल्गेरिया, पोलंडचे. सगळे युरोपीय संघाचे नागरिक, उद्या नोकरी सोडून कुठेही जायला मोकळे. प्रत्यक्षात नोकरी उपकंत्राटदाराची, राहायची खाट त्याचीच, ने-आण करणारी गाडी त्याचीच आणि भाषा येत नाही. नोकरी सोडली की त्याच रात्री रस्त्यावर. जून २०२०मध्ये ग्युटर्सलो जिल्ह्यात एकाच कारखान्यात दीड हजारांवर कामगारांना करोना झाला, तेव्हा कुठे देशाने हे पाहिलं. मग कायदा आला: १ जानेवारी २०२१पासून कत्तल आणि मांस कापणी या कामांत उपकंत्राट बंद, माणूस थेट कारखान्याच्या पटावर. हा कायदा जर्मनीने स्वतः केला. संघाची आडकाठी आली नाही, मुक्त संचारही थांबला नाही. देशाच्या हाती किती काही असतं ते यात दिसतं, फक्त इच्छा लागते.

---

उंबरठा

हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. हक्कासोबत खाटही मालकापासून वेगळी हवी. मान्य.

---

निरांजन_म्युनिक

आपल्यासारख्यांबद्दल थोडं. मी इथे ब्लू कार्डवर आहे, म्हणजे संघाबाहेरच्या उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर. माझ्या शेजारी बसणारा पोर्तुगीज सहकारी मनात आणलं तर सोमवारपासून व्हिएन्नात कामाला लागू शकतो. मी शनिवारी व्हिएन्नाला आगगाडीने जाऊन फिरून येऊ शकतो, काम करू शकत नाही. २०२१च्या नव्या निर्देशाने बारा महिन्यांनंतर दुसऱ्या देशात जायची वाट सोपी केली, पण अर्ज तिथेही करावाच लागतो. डेन्मार्क आणि आयर्लंड त्यात नाहीतच. तेव्हा 'युरोपात मुक्त संचार आहे' हे वाक्य नेहमी 'युरोपीय नागरिकांना' असं पुरं करून वाचावं.

दुसरं म्हणजे इतिहास. जर्मनीने २३ नोव्हेंबर १९७३ला बाहेरच्या कामगारांची भरती थांबवली. अपेक्षा होती की संख्या घटेल. झालं उलटं. तुर्कस्तानातून आलेल्यांच्या लक्षात आलं की आता एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही. मग ते गेलेच नाहीत, बायकामुलांना इकडे आणलं. इटालियनांवर ही बंदी नव्हती, कारण त्यांना मुक्त संचार होता. ते येत राहिले, जात राहिले, आणि आलेल्यांपैकी बहुसंख्य परतले.

---

कातळ

निरांजन, हा मुद्दा विचार करायला लावणारा आहे. मी नेहमी धरून चालायचो की दार बंद केलं की माणसं कमी होतात.

माझं मत पूर्ण बदललेलं नाही. वेगावर लगाम हवा, सात वर्षांची सोय योग्यच होती, आणि माणसं पाठवणाऱ्या देशांचा प्रश्न अजून तसाच आहे. पण तपासणी करणारे पुरेसे नसतील तर सीमेवर ताबा घेऊन मजुरी वाचत नाही, हे पटलं.

शेवंतीताई, एक विचारू? राग मानू नका. तुम्हाला त्या रोमानियन बाईसारखा हक्क असता तर तुम्ही काय केलं असतंत? कायमच्या राहिला असतात का?

---

शेवंती

राग कशाला? उलट कुणी हे विचारलं नव्हतं.

मला तिच्यासारखा हक्क असता तर पहिल्या सहा महिन्यांतच ती कंपनी सोडली असती. दुसरीकडे नीट तास मिळाले असते, वर्ष-दीड वर्षात एजंटाचं कर्ज फिटलं असतं आणि मी परत गेले असते. माझी आई एकटी आहे. पुन्हा पैशांची गरज लागली असती तर पुन्हा आले असते.

आता कर्ज अजून आहे. जुलै २०२५पासून बाहेरून नवीन केअर वर्कर घेणं सरकारने बंद केलंय. इथे असलेल्यांना स्पॉन्सर बदलता येतो, तो मी आता बदलला आहे, नवी जागा बरी आहे. पण नोकरी सोडून एकदा इथून गेले तर या कामासाठी परत येता येणार नाही. म्हणून गेल्या वर्षी आई आजारी होती तरी नोकरी सोडून तिच्याजवळ राहायला गेले नाही. फोनवरच बोलले.

निरांजन यांनी त्या तुर्की माणसांबद्दल लिहिलंय ते मी दोनदा वाचलं.